शेड म्हणायचं नाही

आमच्या व्याह्यांइतका रागावलेला माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि चुकून असलाच तर त्याचाही यांना रागच येईल. सकाळी डोळे उघडले की ते आधी छताकडे बघतात. छतात काही वावगं दिसलं नाही तर भिंतीकडे, आणि भिंतही निर्दोष निघाली तर ती कुणाला विचारून या रंगात रंगवली, इथून त्यांचा दिवस सुरू होतो. माझी थोरली लेक त्यांच्या घरी दिली तेव्हापासून हा संताप मी जवळून बघत आलो आहे. आमच्या भागात व्याह्याला 'इवाई' म्हणतात. ते मला याच नावानं हाक मारतात आणि हाकेच्या पाठोपाठ 'बघितलं का?' असं विचारतात. काय बघायचं ते मागाहून कळतं. तोवर आपण नुसतं 'अरेरे' म्हणायचं असतं.

मुरुमच्या शाळेत इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा तापट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पुस्तकातली आणि स्टाफरूममधलीही. तापट माणूस स्वतःचं काही अडलं की तापतो. व्याह्यांना दुसऱ्याचं अडलेलं दिसलं की राग येतो, आणि त्या दुसऱ्याला बहुतेक वेळा आपलं काही अडलंय याचा पत्ताच नसतो. लेकीच्या लग्नात पंगत बसली होती. मुलाच्या बापानं रुसायचं आणि आम्ही समजूत काढायची, ही रीत. वाढप्यांनी मुलाकडच्यांच्या पानात जिलेबी वाढली होती आणि आमच्या भावकीच्या पानात अजून नुसता भात होता. हे यांनी पाहिलं आणि वरबाप भरल्या पानावरून उठला. मला वाटलं, संपलं, मानपानात काहीतरी चुकलं. मी हात जोडून, कमरेत वाकून धावलो. तर हे आमच्याच आचाऱ्याला विचारत होते, "ज्याच्या घरचं लगीन त्याच्या पानात भात, आन् पाव्हण्याला जिलेबी व्हय रे? कुठल्या गावचा न्याय हाय ह्यो?" मग माझ्याकडं वळले. मी अजून वाकलेलाच होतो. "इवाई, आधी पाठ सरळ करा. पोरगी दिलीय तुम्ही, कणा न्हाय दिला."

त्या दिवसापासून या माणसाच्या कुठल्याही रागात मी बिनतक्रार सहभागी होत आलो आहे.

उमरग्यात एका हॉटेलवाल्यानं चहाचे पेले लहान केले तेव्हा यांनी पेला डोळ्यासमोर धरून भर गर्दीत विचारलं, "हा चहा हाय का डोळ्यात घालायचं औषध?" मालक हसला. हसायला नको होतं. दुसऱ्या दिवशी हे घरून पितळी पेला घेऊन गेले, विकत घेतलेला चहा त्यात ओतला आणि तळाशी जेमतेम ओल आलेला तो पेला गल्ल्याशेजारी ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसले. आठवड्यात जुने पेले परत आले. गंमत म्हणजे व्याही स्वतः चहा घेत नाहीत. हायवेवरून त्यांच्या कॉलनीकडे वळताना एक गतिरोधक होता, बिनरंगाचा. एक मोटारसायकलवाला त्याच्यावरून उडताना यांनी पाहिला आणि भर दुपारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन रस्त्यात बसकण मारली. पोलीस आला. "काका, परवानगी हाय का रंगवायची?" व्याही मान वर न करता म्हणाले, "न रंगवायची परवानगी कुणी दिली होती, ते इचारून ये आधी. तवर हा डबा धर." रंगकाम संपेपर्यंत त्या बिचाऱ्यानं डबा धरला.

असा माणूस इमारत बांधतो तीसुद्धा रागाच्या भरातच. उमरग्यात त्यांचं मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. त्यातून पुढं ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवायचा उद्योग निघाला. जागा भाड्याची होती, पत्र्याची, उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात तळं. एकदा मशीन बघायला पुण्याकडं गेले आणि तिथले नवे कारखाने, गोदामं पाहून आले. परतताना वाटेत माझ्याकडं उतरले. पायरीवरूनच सुरुवात झाली. "इवाई, बघितलं का? तिकडं नुसती खोकी ठेवायला जशी जागा हाय, तशी आपल्याकडं माणसाला बसायला न्हाय. आपण काय पाप केलंय? आपलं ऊन कमी हाय का?" एवढं बोलून ते पाणीही न पिता गेले आणि पुढची अडीच-तीन वर्षं त्यांनी कुणाला धड झोपू दिलं नाही.

मुरुम फाट्यापासून थोडं पुढं, हायवेला लागून ती इमारत उभी राहिली. एका अंगाला कारखाना, दुसऱ्या अंगाला गोदाम, आणि मध्ये एकही खांब नाही. आत उभं राहिलं की आभाळाला घडी घालून आत ठेवल्यासारखं वाटायचं. छतावर वाऱ्यानं गरगर फिरणारे स्टीलचे भोपळे, आतली गरम हवा बाहेर काढणारे. छताला आतून जाड अस्तर. भिंतीतून उजेडाच्या लांब पट्ट्या. जमीन पाण्यासारखी इतकी चकचकीत की कामावरच्या बायका चालताना साडीचा काठ उचलून धरायच्या, ओला होईल या भीतीनं. ट्रक मागं घेऊन धक्क्याला लावला की त्याचा फाळका आणि गोदामाची जमीन एका पातळीत यायची, म्हणजे कुणाला डोक्यावर ओझं घेऊन फळीवरून चढावं लागायचं नाही. बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत भिंतभर आरसा होता. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "कारखान्यात एवढा मोठा आरसा कशाला?" व्याही म्हणाले, "बायका घरनं येताना तोंड संगंच आणत्यात, साहेब. आरसा लागतो."

या इमारतीच्या बाबतीत एकच पथ्य होतं. तिला शेड म्हणायचं नाही. आमच्या भागात खांबावर पत्रे टाकले की शेड, मग खाली म्हैस असो नाहीतर मशीन, आणि लोकांची जीभ काही वाईट हेतूनं तसं म्हणत नाही. पण यांच्यापुढं ते चालत नसे. लाइटचं बिल द्यायला आलेला माणूस, लातूरहून आलेला व्यापारी, खुद्द त्यांचा मेहुणा, या सगळ्यांना त्यांनी फाटकापर्यंत परत पाठवून पुन्हा आत यायला लावलं आहे. "शेड म्हशीला असतं. ही इमारत हाय. आता परत या आन् नीट बोला." मेहुणा दुसऱ्यांदा आत आला आणि घाबरून 'बंगला' म्हणाला. तेही चाललं नाही.

हे सगळं छान चाललं होतं, आणि एके दिवशी धक्क्यावर ट्रकवाल्याशी भांडता भांडता व्याही छाती धरून खाली बसले. सोलापूरला नेलं. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टर हसून म्हणाले, "घाबरू नका, माइल्ड अटॅक होता." व्याह्यांचा चेहरा पडला. डॉक्टर गेल्यावर माझ्याकडं वळून ते पुटपुटले, "माइल्ड? मला माइल्ड?" त्याच डॉक्टरांनी जाताना सांगितलं की आता धंदा सोडा आणि राग तर आधी सोडा. राग सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरांवर ते घरी येईपर्यंत रागावलेले होते.

धंदा सोडायचा तर चालवणार कोण? मुलगा एकच, म्हणजे माझा जावई. तो जनावरांचा डॉक्टर, परंड्याला सरकारी दवाखान्यात, आणि आपल्या कामात मनापासून रमलेला. त्यानं स्पष्ट सांगितलं की मला नळ्यांतलं कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छा नाही. व्याह्यांनी माझ्यापुढं हात आपटले. "म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालंल, पण बापाच्या कारखान्यात बोट घालायचा न्हाय!" जावयाच्या बाजूनं बोलावं तर व्याही चिडणार, व्याह्यांच्या बाजूनं बोलावं तर लेक चिडणार. मी नेहमीप्रमाणे 'अरेरे' म्हणालो. शेवटी मशीन एका ओळखीच्या कारखानदारानं उचलायचं ठरवलं, आणि राहिली इमारत. ती विकायची ठरली. ठरली म्हणजे विहीणबाईंनी ठरवली आणि व्याह्यांनी विरोध करायला तोंड उघडलं तेव्हा रक्तदाब मोजायचं यंत्र पुढं केलं.

उमरग्यातला एक एजंट नेमला. पांढराशुभ्र शर्ट, दोन फोन, बोलताना तिसऱ्याकडंच बघणारा. त्यानं दोन ओळींची जाहिरात लिहून आणली: 'विकणे आहे. हायवे टच मोठे शेड.' पुढचं मी सांगत नाही. तो फाटकातून पुन्हा आत आला, तेव्हा व्याह्यांनी जाहिरात स्वतः लिहायला घेतली. 'विकणे आहे' यालाही त्यांची हरकत होती. "जुनी सायकल हाय का, विकणे आहे म्हणायला?" त्यांनी लिहिलं: 'आधुनिक, हवेशीर, भक्कम इमारतीसाठी उद्योगी, निर्व्यसनी व माणसांची जाण असलेला मालक पाहिजे.' एजंटानं ते वाचून मला बाजूला घेतलं. "गुरुजी, ही वधू-वरमध्ये देऊ का प्रॉपर्टीमध्ये?" मी त्याला म्हणालो, जिथं छापतील तिथं द्या.

गिऱ्हाईक आलं की व्याही मला मुरुमहून बोलावून घेत. "तुम्ही पोरगी दिलीय. माणूस कसा बघायचा ते तुम्हाला कळतंय. मला नुसता राग येतो." त्यामुळं आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक मी पाहिलं आणि प्रत्येकाची झालेली अवस्थाही पाहिली. पहिला आला तो मंगल कार्यालयवाला. आत येताच त्यानं खुशीनं टाळी वाजवली, घुमणारा आवाज ऐकला आणि म्हणाला, "वा! डीजे लई घुमंल हितं." तो धक्क्यापाशी गेला. "आन् हे बेस्ट. नवरदेवाची घोडी हितनं डायरेक स्टेजवर. व्हिडिओत काय दिसंल!" मग त्याला भिंतभर आरसा दाखवला गेला. ही नवरीची खोली करू, असं म्हणाला तिथवर ठीक होतं, पण गोदामाच्या कोपऱ्याकडं बोट करून "खरकटं हिकडं टाकता येईल" म्हणाला आणि तिथं व्याह्यांचा बांध फुटला. "अय्यो शिवा! ज्या जिमिनीवर बायका अनवाणी चालत्यात, तिथं खरकटं टाकणार व्हय तू? चल. घोडी बी घेऊन जा."

दुसरा भंगारवाला. हा मात्र सभ्य, हळू बोलणारा माणूस. चप्पल बाहेर काढून आत आला, शेड म्हणाला नाही, उलट 'काय सुंदर काम केलंय हो' म्हणाला. व्याही खुलले. त्याला एकेक गोष्ट दाखवू लागले. तो भिंतीलगतच्या प्रत्येक स्टीलच्या खांबापाशी थांबायचा, बोटाच्या पेरानं टकटक वाजवायचा, कान द्यायचा आणि मान डोलवायचा. मला वाटलं, जाणकार आहे. अर्ध्या तासानं म्हणाला, "माल लई चोख निघंल. कापायला दिवस लागतील, पण वजन भरपूर हाय." त्याला काय घ्यायचं होतं ते तेव्हा आमच्या लक्षात आलं. व्याही एवढंच म्हणाले, "जित्या माणसाची हाडं मोजाय आलाय व्हय तुम्ही?" तो बिचारा ओशाळून चपला हातात घेऊनच गेला. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी संताप आला. इतिहासाच्या मास्तराला पडलेल्या इमारतींचं दुःख करायची सवय असते, उभ्या इमारतीचं पहिल्यांदाच केलं.

मग हैदराबादची पार्टी आली. लांबलचक गाडी, अत्तराचा वास, अदबशीर दख्खनी. "माशाल्ला, क्या उम्दा जगा है, बड़े साहब." भाव आमच्या अपेक्षेपेक्षा वरचा. घासाघीस नाही, उधारी नाही. एजंटानं दोन्ही फोन एकदमच दोन्ही कानांना लावले. इसार कधी द्यायचा ते ठरलं, विहीणबाईंनी देवापुढं साखर ठेवली, परंड्याहून लेकीचा फोन आला की बाबा, आता त्यांना शब्द फिरवू देऊ नका. इसाराच्या दिवशी आम्ही इमारतीतच बसलो होतो. व्याह्यांनी सहज विचारलं, "तुमी काय बनवणार हितं?" पार्टी हसली. "बनाना क्या है साहब? ताला लगा देंगे. दस साल बाद जमीन का भाव देखना." व्याह्यांनी आत, पॅकिंगच्या जागेकडं बघितलं. मशीन उचलायला अजून अवकाश होता, म्हणून बायका शेवटच्या ऑर्डरीच्या नळ्यांची वेटोळी बांधत होत्या. "आन् ही माणसं?" "एक वॉचमन रख लेंगे ना." व्याही उठले. शांतपणे म्हणाले, "जनाब, माफ करा. कुलपाला घर लागत न्हाय. दार लागतं. दुसरं बघा." आणि चालत फाटकाबाहेर गेले. एजंट एकदा पार्टीकडं, एकदा फाटकाकडं पळत राहिला.

घरी काय झालं ते सांगायला मला अजूनही संकोच वाटतो, पण मी तिथं होतो. विहीणबाईंचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. व्याही एवढे रागावत की घरात दुसऱ्या कुणाला रागवायला जागाच उरत नसे. त्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "गतिरोधक रंगवला, म्या काय बोलले न्हाय. हाटेलात पेला घेऊन बसला, मान खाली घालून बाजारात गेले. पण आता गिऱ्हाइकामागं गिऱ्हाईक हाकलाय लागलाय, आन् रोज छाती धरून घरी येताय. त्या भिताडापायी तुमच्या काळजातली जाळी तुटली, तर म्या काय त्या भिताडाच्या नावानं कुंकू लावू?" व्याही जागच्या जागी विझले. मी पाठ सरळ करून बसलो होतो, तीही वाकली. मग ते म्हणाले, "येईल त्याला देतो. आता निवड न्हाय करत." आणि खरंच, पुढचे काही दिवस ते कशावरच रागावले नाहीत. विहीणबाई मला फोन करून हळूच म्हणाल्या, "भावजी, मला भ्या वाटाय लागलंय. आज भाजी करपली तर गप जेवले."

अशात एके दुपारी मुरुमची एक बाई इमारत बघायला आली. मी तिला ओळखत होतो. मुरुमात भाड्याच्या चार ठिकाणी ती शाळेची दप्तरं शिवून घ्यायची. कापड एका गल्लीत, चेन दुसऱ्या गल्लीत, तयार माल कुणाच्या तरी ओसरीवर. पाऊस आला की निम्मी दप्तरं भिजायची आणि बाईचा पारा चढायचा. ती स्कूटीवरून उतरली, पदर खोचला आणि फाटकातूनच म्हणाली, "हेच का ते शेड?"

मी डोळे मिटून घेतले. व्याह्यांनी तिला परत पाठवलं नाही. दिलेला शब्द पाळत होते.

बाई आत आली. वर बघितलं, खाली बघितलं, धक्का बघितला, आरशाची खोली बघितली, कौतुकाचा एक शब्द नाही. मग पश्चिमेच्या भिंतीपाशी जाऊन थांबली आणि कपाळावर हात धरला. "ह्या उजेडाच्या पट्ट्या हितं कुणी लावल्या?" "म्या," व्याही म्हणाले. "आन् दुपारी हितं बसून कोण काम करतं?" "पॅकिंगच्या बायका." "चार वाजता ऊन सरळ डोळ्यात येतंय की त्यांच्या! तुमच्या ध्यानात आलं न्हाय? एवढा खर्च केला, आरसा लावला, न् डोळ्याचा इचार केला न्हाय?" मी व्याह्यांकडं बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत होता, आणि खरं सांगतो, कितीतरी दिवसांनी तो लाल झालेला बघून मला बरं वाटलं. "बाई, ही भिंत उभी करताना उन्हात म्या उभा होतो, तुम्ही न्हाय!" "म्हणूनच म्हणते, तुम्ही उभं होता. बायका बसत्यात. बसल्यावर ऊन कुठं येतंय ते बसून बघा की!"

व्याही ताडकन गेले आणि पॅकिंगच्या स्टुलावर बसले. चार वाजायला आले होते. ऊन सरळ त्यांच्या डोळ्यात आलं. शेजारी नळी गुंडाळत असलेल्या बाईला त्यांनी विचारलं, "रोज येतंय?" ती हसून म्हणाली, "येतंय की मालक. आमी पदर वढून घेतो." "मंग सांगितलं का न्हाय कवा?" "सांगितलं आस्तं तर तुमाला राग आला आस्ता ना."

त्यानंतर तासभर त्या दोघांत जे भांडण झालं, त्याची तोड मला इतिहासात सापडत नाही. भावावरून, धक्क्याच्या उंचीवरून, छताच्या भोपळ्यांना तेल कोण देणार यावरून, शेड आणि इमारत यांतल्या फरकावरून. बाईंनी सांगितलेला भाव हैदराबादपेक्षा बराच खाली होता आणि त्या तो एक पैसाही वर नेत नव्हत्या. शेवटी व्याह्यांनी आपलं ठेवणीतलं विचारलं. "हितल्या बायकांचं काय करणार?" बाई एकदम भडकल्या. "हे तुम्ही मला इचारताय? शिवायला हात मी आभाळातनं आणू का? येतील त्यांना मशीन शिकवीन, न्हाय शिकल्या तर पॅकिंगला ठेवीन. मला माणसं सांभाळायला तुमची परवानगी लागती व्हय?" व्याही माझ्याकडं वळून, दबल्या आवाजात, जवळजवळ आनंदानं म्हणाले, "इवाई, बघितलं का? लई तिखट हाय." एजंटाकडं बघून म्हणाले, "लिहा."

दुसऱ्या दिवशी सौदा ठरलेल्या इमारतीच्या पश्चिम भिंतीवर व्याही स्वतः शिडी लावून हिरवी जाळी बांधत होते. विहीणबाईंनी आरडाओरडा केला. "आता ती त्यांची हाय ना? त्या बघतील की!" "त्यांची सोमवारपासनं," हे वरून ओरडले, "आज माझी हाय, आन् आज बी चार वाजणार हायत."

सोमवारी, रजिस्ट्रीच्या दिवशी, उमरग्याच्या कचेरीत गर्दी होती. खुर्ची डुगडुगती आहे, पंखा नुसताच आवाज करतो, फोटोत हसू नका असं लिहिलंय ते कुणी हसावं अशी इथं काय सोय आहे, या सगळ्यावर व्याह्यांचं बोलून झालं. मग अंगठा द्यायची वेळ आली. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्रानं नाकारला. पुसून ठेवला, नाकारला. दुसरा ठेवला. ऑपरेटर म्हणाला, "काका, बोटावर रेषाच राहिल्या न्हाईत." नळीतून पाणी नीट झिरपेल का, भोक सारखं पडलंय का, हे व्याही प्रत्येक वेटोळ्यातली नळी अंगठ्याखालून सरकवून बघायचे, जन्मभर. मला वाटलं आता यंत्राची खैर नाही. त्यांनी अंगठा उजेडाकडं धरून बघितला, उलटासुलटा केला. "कुठं घासल्या काय की," एवढंच म्हणाले. मुरुमच्या बाईंनी पर्समधून ओला रुमाल काढून पुढं केला. "करंगळी ठिवून बघा, दादा." करंगळी लागली.

मशीन गेलं, दप्तरांच्या शिलाई यंत्रांच्या रांगा लागल्या, पूजा झाली. व्याही पूजेला गेले, नारळ जमिनीवर फोडू दिला नाही, बाहेर पायरीवर फोडायला लावला, त्यावरून बाईंशी पुन्हा भांडले आणि प्रसादाला दोनदा बसले. आता ते उमरग्यात घरी असतात. रक्तदाब बरा आहे. नातीच्या शाळेचं दप्तर फार जड असतं, या विषयावर ते सध्या रागावलेले आहेत, त्यामुळं अधूनमधून बाईंना फोन करून खांद्याचे बंद कुठं रुंद पाहिजेत ते सांगतात, आणि बाई त्यांना रागावतात, असं कळतं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं सोलापूरच्या एका लग्नाहून येत होतो. गाडी मी चालवत होतो. मुरुम फाटा गेला आणि व्याही म्हणाले, "जरा थांबवा." मी हायवेच्या अलीकडच्या बाजूला, एका लिंबाखाली गाडी लावली. पलीकडं इमारत होती. छतावरचे भोपळे वाऱ्यावर फिरत होते. आम्ही उतरून उभे राहिलो. आमच्यामध्ये आणि तिच्यामध्ये दोन्ही बाजूंनी ट्रक धडाधडा जात होते.

"शिलाईच्या मशिनींचा आवाज येतोय का हो?" व्याह्यांनी विचारलं.

"येतोय," मी म्हणालो.

"मला बी येतोय," ते म्हणाले आणि मान जराशी तिरकी करून ऐकत राहिले. समोर फाटक बंद होतं आणि आवारात एकही गाडी नव्हती. रविवार होता, आणि रविवारी त्या बाई सगळ्यांना सुट्टी देतात, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.